परतीचा पाऊस: आधी चर, मग वापसा, बाटली सगळ्यात शेवटी

हस्त नक्षत्र तोंडावर आलाय. दुपारपर्यंत अंग भाजणारं ऊन, तीननंतर पूर्वेकडून आभाळ भरून येतं, तासभर धो-धो कोसळतं आणि शेजारच्या गावात टिपूसही नसतो. मॉन्सून परत फिरताना वाऱ्याची दिशा बदलते, हवेत ओल भरपूर असते, त्यात हे ऊन. म्हणून हा पाऊस गडगडाटी. ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्री गार होतात, दव पडू लागतं. आठवडाभरात आलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो.

शिरोळचा प्रश्न: सोयाबीन पिवळं पडलंय, पाऊस सांगितलाय. दुकानदार म्हणतो तणनाशक मारा, चार दिवसांत वाळतं. मारू का?

नाही. तो जे देतोय ते बहुतेक पॅराक्वाट असणार. सोयाबीन वाळवायला त्याची शिफारस नाही. दाण्यात अंश राहतो, भुसकट जनावरं खातात, आणि माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. दुकानदाराला बाटली खपवायची असते, रान तुमचं असतं.

झाडाची पानं गळाली, 95 टक्के शेंगा तपकिरी झाल्या, फांदी हलवली की आत दाणे खुळखुळले, म्हणजे कापणी. पण त्या दिवशी तेवढंच कापा, जेवढं तुमच्या ताडपत्रीखाली बसेल. पाऊस अंगावर आला असेल तर एक-दोन दिवस उभं राहू द्या. उभ्या झाडावरचं पाणी वाऱ्यानं झडतं. कापून सरीत पडलेल्या शेंगेला तिथंच कोंब फुटतो. ओल्याचा ढीग घालू नका. दुसऱ्या दिवशी ढिगात हात घालून बघा, आत वाफ लागते, मग दाणा काळा पडतो. बियाणं ठेवणार असाल तर मळणी मशीनचे फेरे मिनिटाला 400 च्या आत ठेवा, नाहीतर टरफल फुटून उगवण जाते.

आजऱ्याचा प्रश्न: घनसाळ भात निसवतोय, म्हणजे लोंब्या बाहेर पडतायत, गारवा सुटलाय. दुकानातून कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक आणलंय. एकत्र मारू का?

तिन्ही एकत्र मारू नका. आधी रानात वाका, चूड, म्हणजे भाताचा झुपका, बाजूला करून बुंध्याशी बघा. तपकिरी तुडतुडे चुडाला दहाच्या आसपास असतील तरच औषध, आणि तेही रानातलं पाणी काढून टाकल्यावर. पायमेट्रोझिन 50 टक्के एकरी 120 ग्रॅम, फवारा बुंध्यावर. सायपरमेथ्रिनसारखं स्वस्त औषध मारलं की तुडतुडे खाणारे कोळी मरतात आणि तुडतुडे दुपटीनं वाढतात, हे मी कितीतरी रानांत बघितलंय. लोंबीच्या मानेवर काळपट डाग दिसला तर मानमोडी करपा. त्याच्या बुरशीनाशकाचं माप लेबलावर बघा. युरिया आता अजिबात नको, करपा त्यानंच भडकतो. टॉनिकचे पैसे ठेवा घरात.

वेळ: भात सकाळी नऊ ते बारा फुलतो, तेव्हा फवारू नका. चारनंतर फवारा, आभाळ मोकळं असेल तरच. नसेल तर थांबा. धुवून गेलेली फवारणी दुसऱ्या दिवशी दुप्पट मापानं मारायची नाही. गेल्या वर्षी एका रानात लेबल न वाचता टोपणानं मापलं, पंपाला एकाऐवजी तीन टोपणं. लोंब्या पांढऱ्या पडल्या आणि पुन्हा त्याच दुकानातून ‘उपाय’ आला. मापाचा कप वापरा, पक्कं बिल घ्या.

कागलचा प्रश्न: वाऱ्यानं आडसाली (दीड वर्षाचा) ऊस लोळलाय. युरिया टाकू?

टाकू नका. लोळलेल्या उसाला खत दिलं की नुसते पाणकोंब (उशिरा फुटणारे निरुपयोगी कोंब) वाढतात आणि साखरेचा उतारा घटतो. तोडणीला आलेला ऊस उचलून बांधत बसू नका, कांडी मोडतात. पाणी काढा. खरं सांगायचं तर तीनही प्रश्नांचं निम्मं उत्तर हेच आहे. रानाच्या उताराला कुदळीनं हातभर चर मारा, बांध फोडून ओढ्याला लावा. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. ज्यांनी पावसाळ्याआधी चर काढले त्यांचा मला या महिन्यात फोन येत नाही.

उसाच्या पूर्वहंगामी लागणीची घाई करणाऱ्यांना: वापसा, म्हणजे मशागतीला हवी तेवढीच ओल, येऊ द्या. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटला तर औत घाला, चिकटून राहिला तर थांबा. मात्र 15 नोव्हेंबरच्या पुढं ढकलू नका, थंडीत डोळा उशिरा फुटतो. शाळूलाही (रब्बी ज्वारीला) मातीची तीच परीक्षा.

नुकसानीचं: 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पंचनाम्यासाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायकांना (आता सहायक कृषी अधिकारी) लगेच कळवा, फोटो काढून ठेवा. विम्याचा नियम या हंगामाचा काय आहे ते त्यांनाच विचारा, दुकानात नको.

आणि गडगडाट ऐकला की झाडाखाली नाही, घराकडं. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये घ्या. विळा, खुरपं बांधावर राहिलं तरी चालेल.