डेउस एक्स माकिना म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे की वेब सिरीजच्या रिव्ह्यूमध्ये "शेवट अगदी डेउस एक्स माकिना" असं लिहितात ते काय, आणि हिरो ऐनवेळी येऊन वाचवतो त्यालाही तेच म्हणायचं का.

शब्द लॅटिन, पण वाक्प्रचार मूळ ग्रीक. अर्थ 'यंत्रावरून आलेला देव', म्हणजे कथेतला गुंता सोडवायला शेवटी बाहेरून आणलेली आयती सुटका. 'यंत्रातला देव' असंही करतात, पण तो काय मशीनमध्ये राहत नाही, मशीन त्याला आणून सोडतं. (लॅटिन देउस आणि आपला देव एकाच मुळातले, ग्रीक थेओस मात्र त्या घराण्यातला नाही, गंमतच आहे.)

आणि यंत्र खरंखुरं होतं बरं का. अथेन्सच्या नाटकात नटाला दोरावर लटकवून उचलणारी क्रेन वापरायचे, तिचं नाव मेखाने. अरिस्टोफेनिसच्या 'शांती' या कॉमेडीत (इ.स.पू. 421) एक शेतकरी भल्यामोठ्या शेणकिड्यावर बसून स्वर्गात निघतो आणि अर्ध्या वाटेत टरकून थेट क्रेनवाल्यालाच ओरडतो की बाबा रे, जरा लक्ष दे.

सगळ्यात भारी नमुना ग्रीक नाटककार युरिपिडीसचं 'ओरेस्टिस' हे नाटक, इ.स.पू. 408. ओरेस्टिस छपरावर, हर्मायनीच्या गळ्याला तलवार लावलेली, खाली तिचा बाप, घराला आता आग लावणार, आणि तेवढ्यात वर अपोलो प्रकट होऊन सगळ्यांना गप्प करतो आणि ओरेस्टिसला सांगतो की हिच्याशीच लग्न कर! आपल्या डेली सोपच्या रायटरलाही एवढं धाडस होणार नाही. मला तर वाटतं युरिपिडीस मुद्दाम खेचतोय.

ॲरिस्टॉटलला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, गुंता कथेतूनच सुटला पाहिजे, यंत्रावरून नाही, आणि उदाहरण दिलं युरिपिडीसच्याच 'मीडिया' नाटकाचं, जिथे देव येतच नाही, नायिका मीडियाच स्वतःच्या मुलांना मारून आजोबांच्या म्हणजे सूर्याच्या रथातून निघून जाते. म्हणजे देव असायलाच हवा असं नाही, आयती सुटका असली की झालं. त्यामुळे हिरो उशिरा आला तरी तो निघालाय हे आधी दाखवलं असेल तर हा शब्द लागू नाही. कधीच उल्लेख नसलेला श्रीमंत काका शेवटच्या एपिसोडला कर्ज फेडतो, तो मात्र शंभर टक्के.

काही जण हे जाणूनबुजून करतात. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'त (1928, आपल्याकडे पुलंनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला) फाशीच्या क्षणी राणीचा घोडेस्वार माफी घेऊन येतो, आणि खऱ्या आयुष्यात असे घोडेस्वार क्वचितच येतात हे पात्रच सांगून टाकतं. तिथे 'लेखकाला शेवट जमला नाही' म्हणणं चुकीचं.

मराठीत मी 'आयता देव' म्हणेन, 'शेवटी आयता देव आणलाय' असं. 'दैवी हस्तक्षेप' नको, तो शब्द पूजेच्या पुस्तकातला वाटतो.