खाल्लेली पिल्लं की पोटातली?

प्रश्न: मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना होल्त्समाडेनचं हाउफ संग्रहालय पाहिलं. तिथे स्टेनोप्टेरिजियस या समुद्री सरीसृपाच्या बरगड्यांत पिल्लांचे सांगाडे दिसले. नातू म्हणतो, आईनेच पिल्लं खाल्ली. खरं काय? आणि असे जीवाश्म आपल्या सह्याद्रीत का मिळत नाहीत?
– एक आजोबा, पुणे

उत्तर: नातवाची शंका रास्त आहे, जुन्या अभ्यासकांनीही यावर वाद घातलाय. पण गिळलेल्या हाडांवर जठररसाची खूण राहते. ही पिल्लं नाजूक असूनही त्यांची हाडं झिजलेली नसतात. आणि प्रौढांच्या जठरात काय मिळतं? बहुतेक म्हाकुलासारख्या प्राण्यांच्या हातांवरचे बारीक आकडे. म्हणजे आई म्हाकुलांवर पोट भरत होती, पिल्लं गर्भाशयात वाढत होती.

मी प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हा प्रात्यक्षिकाला मुशी असायची. एखाद्या मादीच्या पोटातून पिल्लं निघाली की अख्खी प्रयोगशाळा त्या टेबलाभोवती गोळा व्हायची. मुशी मासा, हा सरीसृप, दोघांचा वंश वेगळा. पण अंडी घालायला किनाऱ्यावर यायची सोय दोघांनाही नाही. कासवासारखं वाळूत सरपटणं या वल्ह्यांच्या प्राण्याला जमलंच नसतं. (आणि हो, तो डायनासोर नव्हे.)

पिल्लू अर्धं बाहेर आलेले काही सांगाडे आहेत. ‘प्रसूतीच्या क्षणी आई मेली’ ही कथा लोकांना फार आवडते. मला ती पटत नाही. मेलेलं शरीर कुजताना पोटात वायू साठतो आणि त्या दाबानेही पिल्लू बाहेर ढकललं जाऊ शकतं. पिल्लं बहुधा शेपटीकडून जन्मत, एवढं मात्र दिसतं. डोकं आधी आलं तर पिल्लू बुडेल, असं त्याचं कारण सांगत. पण चीनमधल्या चाओहूसॉरस या सुमारे 24.8 कोटी वर्षांपूर्वीच्या नातलगाचं पिल्लू डोक्याकडून बाहेर येताना सापडलं, 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून ते उत्तर पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

सह्याद्रीचं म्हणाल, तर तो लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. स्टेनोप्टेरिजियस 18 कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याचं सगळं कुळ 9 कोटींच्या आसपास संपलं. बेसाल्टात शोधून हाती काही लागायचं नाही. कच्छमध्ये मात्र जुन्या समुद्रतळाचे थर उघडे आहेत. तिथे लोडाई गावाजवळ याच कुळातल्या एका प्राण्याचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा, बराचसा पूर्ण सांगाडा मिळाला. 2017 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं.