तो अध्याय पूर्ण वाच

ख्रिस्तात प्रिय मुली,
सप्रेम सलाम.

‘स्त्रियांनी मंडळ्यांत (म्हणजे चर्चच्या सभांत) गप्प राहावे’ हे बायबलमधलं वचन कोणीतरी तुला ऐकवलं आणि तू उपदेशाची तयारीच सोडून दिलीस, हे वाचून फार वाईट वाटलं. तयारी सोडू नकोस. पण त्या वचनाकडे पाठही फिरवू नकोस.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा १४ वा अध्याय सुरुवातीपासून वाच. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिघांना गप्प राहायला सांगतो. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर आत्म्याच्या प्रेरणेने अन्य, न समजणाऱ्या भाषेत बोलणाऱ्याने (२८), बसलेल्या दुसऱ्या कोणाला प्रकटीकरण झालं तर आधीपासून देवाचा संदेश देणाऱ्याने (३०), आणि मग स्त्रियांनी (३४). यातल्या पहिल्या दोघांना मंडळीने कायमचं गप्प बसवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शिवाय याच पत्रात ११:५ मध्ये स्त्रीने प्रार्थना करताना, संदेश देताना मस्तक झाकावं की नाही, याची चर्चा आहे. तिने बोलूच नये असं पौलाचं म्हणणं असतं, तर ही चर्चा त्याने केलीच नसती. काही हस्तलिखितांत ३४-३५ ही वचनं अध्यायाच्या शेवटी येतात, म्हणून ती मुळात पौलाची आहेत का, असं काही अभ्यासक विचारतात. मी ती खोडायला तयार नाही; ज्ञात हस्तलिखितांत ती कुठे ना कुठे आहेतच.

तीमथ्याला पहिलं पत्र २:१२ मात्र खरंच अवघड आहे; स्त्रीने शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा याला मी परवानगी देत नाही, असं तिथे म्हटलंय. ‘तीमथ्य होता त्या इफिस शहरापुरता तो प्रश्न होता’ एवढं म्हणून सुटका होत नाही, कारण पुढच्याच वचनात आदाम-हव्वेचा दाखला येतो. पण ११ व्या वचनात स्त्रीने शिकावं असं सांगितलंय, आणि ९ व्यात केस गुंफणं, सोनं, मोती नकोत असं. नववं त्या काळापुरतं आणि बारावं सर्वकाळासाठी, असं कोणी म्हणालं तर त्याचं कारण नम्रपणे विचार.

आणि ज्या स्त्रिया बोलल्या त्यांनाही विसरू नकोस. मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा योशीया राजाने पाठवलेला मुख्य याजक देवाचं म्हणणं विचारायला हुल्दा संदेष्ट्रीकडे गेला. शास्त्रात प्रवीण असलेल्या अपुल्लोला प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. मंडळीची सेविका फिबी आणि पौलाबरोबर बंदिवास भोगलेली यूनिया यांची नावं रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात सापडतील.

तू योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायावर बोलणार होतीस ना? पुनरुत्थित येशू मग्दालीया मरीयेला ‘माझ्या भावांकडे जाऊन सांग’ म्हणतो, त्या १७ व्या वचनापासून सुरुवात कर. मसुदा झाला की पाठव. तीमथ्याच्या वचनावर भेटून सविस्तर बोलू.