फोटोलायेजच्या फरक-स्पेक्ट्रममधली १६४० ची पट्टी प्रथिनाची मानायची का?

प्रश्न असा: ई. कोलाय जिवाणूच्या सीपीडी फोटोलायेजवर (अतिनील किरणांनी डीएनएत चिकटलेली थायमिनची जोडी, म्हणजे डायमर, प्रकाशाच्या मदतीने सोडवणारे एन्झाइम) पांढरा एलईडी पाडला की एफटीआयआरच्या, म्हणजे इन्फ्रारेड शोषण मोजण्याच्या, फरक-स्पेक्ट्रममध्ये (प्रकाशानंतरच्या मोजणीतून आधीची वजा करून) १६४० प्रति सेंमीला मोठी पट्टी येते. एन्झाइम सक्रिय होताना प्रथिनाची रचना बदलते, याचा हा पुरावा समजावा का?

नाही. ती पट्टी पाण्याची नाही हे आधी सिद्ध करा, मग प्रथिनाचे नाव घ्या. पाणी १६४५ ला शोषते आणि प्रथिनाच्या कण्याची अमाइड-१ पट्टी १६५० च्या आसपास असते, म्हणजे दोन्ही एकमेकांवर बसतात. तुम्ही शोधताय तो बदल शोषणाच्या एककाच्या दहा हजाराव्या भागाच्या घरातला. दिव्याने नमुना किंचित कोमट झाला तरी पाण्याची पट्टी त्याहून जास्त हलते. २१३० च्या आसपास पाहा. तिथे पाण्याची एक रुंद पट्टी असते आणि प्रथिनाचे जवळपास काहीच नसते. तिथेही लाट उठली असेल तर तुम्ही उष्णता मोजलीत. त्यापेक्षा सोपे म्हणजे दिवा बंद करून थोडे थांबा आणि अंधारातच मोजा. पातळ थरातली उष्णता लगेच निघून जाते, पण हवा बंद असेल आणि डीटीटी (इलेक्ट्रॉन पुरवणारे रसायन) घातलेले असेल तर रिड्यूस झालेले, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळालेले, फ्लेविन (एन्झाइममधला प्रकाश शोषणारा घटक) मोजणी होईपर्यंत टिकते.

थर ६ ते ८ मायक्रॉनचाच हवा, काचा कॅल्शियम फ्लोराइडच्या. १५ मायक्रॉनला १६४५ पाशी डिटेक्टरपर्यंत प्रकाश जेमतेम पोचतो आणि मग तिथे दिसेल ती पट्टी बहुतेक गोंगाट असतो. एवढ्या पातळ थरासाठी प्रथिन १ मिलिमोलरच्या आसपास लागते, म्हणजे मिलिलिटरला पन्नासेक मिलिग्रॅम. ते खाली बसू नये म्हणून लोक ग्लिसरॉल ओततात आणि १००० ते ११५० चा पट्टा घालवून बसतात. त्याऐवजी मीठ वाढवा.

पण तुमच्या प्रयोगातला मोठा दोष पांढरा दिवा हाच आहे. त्याने दोन वेगळ्या क्रिया एकाच स्पेक्ट्रममध्ये येतात. शुद्धीकरणात हवेमुळे फ्लेविनचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि निळे रॅडिकल (एक सुटा इलेक्ट्रॉन असलेले रूप) उरते. प्रकाश पडला की ते प्रथिनाच्या साखळीतल्या ३८२ व्या जागेवरच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाकडून इलेक्ट्रॉन ओढते, ३८२ तो ३५९ कडून घेते आणि ३५९ पृष्ठभागावरच्या ३०६ कडून. डीटीटीसारखे काही नसेल तर इलेक्ट्रॉन मिलिसेकंदांत परत जातो आणि साध्या एफटीआयआरला काहीच दिसत नाही. दुरुस्ती ही निराळी क्रिया. पूर्ण रिड्यूस झालेले फ्लेविन जवळच्या अतिनील-निळ्या प्रकाशात थायमिन डायमरला इलेक्ट्रॉन देते, दोन बंध तुटतात, इलेक्ट्रॉन परत येतो, आणि हे सगळे सुमारे एका नॅनोसेकंदात आटोपते.

म्हणून आधी ५५० नॅनोमीटरच्या (नॅमी) पुढचाच प्रकाश द्या. तो रॅडिकल शोषते, रिड्यूस झालेले फ्लेविन शोषत नाही, त्यामुळे डायमर असला तरी दुरुस्ती सुरू होत नाही. स्पेक्ट्रम घ्या. मग ३८५ ते ४०० द्या आणि त्याचा फरक वेगळा काढा. फ्लेविन पूर्ण ऑक्सिडाइज झाले असेल, म्हणजे नमुना पिवळा असेल, तर पहिल्या टप्प्याला ४५० लागेल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. यंत्रातला हीलियम-निऑन लेसर ६३३ नॅमीचा असतो आणि हे रॅडिकल ६२५ ला चांगले शोषते. लेसरचा अंश नमुन्यापर्यंत पोचत असेल तर तुमचा 'अंधारातला' नमुना अंधारात नसतोच. नमुन्याच्या आधी जर्मेनियमचा फिल्टर लावा, तो सगळा दृश्य प्रकाश अडवतो.

"फ्लेविनची अवस्था दृश्य स्पेक्ट्रममध्ये कळते, मग इन्फ्रारेड कशाला?" हे मी फार ऐकले आहे आणि मला ते मुळीच पटत नाही. दृश्य प्रकाशात डायमर मुका असतो. त्याच्या कार्बोनिलच्या पट्ट्या सरकणे, थायमिनचा दुहेरी बंध परत येणे, १२२० ते १२४० ला फॉस्फेटचा कणा हलणे, हे एकाच नमुन्यात एकत्र फक्त इन्फ्रारेडमध्ये दिसते. मात्र फॉस्फेट पाहायचा असेल तर जड पाणी वापरू नका, त्याची स्वतःची पट्टी १२१० ला येते. अमाइड-१ मोकळी पाहायची असेल तेव्हा तेच जड पाणी उत्तम. म्हणजे दोन्हीतले नमुने करावेच लागतात.

आणि पहिल्या टप्प्याला, म्हणजे प्रकाशाने फ्लेविन रिड्यूस होण्याला, एन्झाइमचा नैसर्गिक खटका म्हणू नका. ट्रिप्टोफॅन ३०६ च्या जागी फिनाइलअ‍ॅलनिन घातले की प्रकाशाने फ्लेविन रिड्यूस होत नाही, तरी जिवंत जिवाणूत ते एन्झाइम डीएनए दुरुस्त करतेच. पेशीत फ्लेविन आधीच रिड्यूस असते.

वरचे तरंगलांबीचे आकडे ई. कोलायच्या एन्झाइमचे आहेत. ६-४ फोटोलायेजला (डीएनएतले दुसऱ्या प्रकारचे नुकसान दुरुस्त करणारे एन्झाइम) ते तसेच लावू नका. तुमच्या नमुन्यात फोलेट (एन्झाइमला चिकटलेला, प्रकाश गोळा करणारा दुसरा घटक) शिल्लक असेल तर तेही ३८० च्या आसपास शोषते आणि तीव्र प्रकाशात नष्ट होते, त्याच्या पट्ट्या दुरुस्तीच्या खात्यात जातात. तेव्हा डायमरशिवायचा नमुना त्याच ३८५ च्या प्रकाशात मोजून वजा करा, आणि शेवटी सेलमधला द्रव धुऊन काढून २६० नॅमीचे शोषण खरेच वाढले का ते पाहा.