एकच स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा सुटा फ्लॅश) आहे. तो कॅमेऱ्यापासून वेगळा लावून पोर्ट्रेटमध्ये काय प्रयोग करता येतील?

कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला की चेहरा सपाट येतो आणि मागचं सगळं काळं होतं, असं तुम्ही लिहिलंय. आता रेडिओ ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश बिनतारी पेटवणारं यंत्र) घेतलाच आहे, तर एका फ्लॅशवर खूप काही होतं. मात्र एक गोष्ट आधी पक्की करा: शटरने फक्त आजूबाजूचा उजेड कमी-जास्त होतो. फ्लॅशची चमक इतक्या कमी वेळात संपते की शटर मंद केलं तरी तिच्यात फरक पडत नाही. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, एफ/४ वगैरे) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) मात्र दोन्ही उजेडांवर परिणाम करतात. म्हणून फ्लॅश बंद ठेवून आधी नुसती पार्श्वभूमी जमवा, मग फ्लॅश मॅन्युअलवर (पॉवर स्वतः ठरवून) लावून चेहरा उजळा. शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वाधिक वेग, बहुधा १/२०० किंवा १/२५० सेकंद) पुढे नेलंत, तर फ्रेमच्या एका कडेला काळा पट्टा येईल.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग तिन्हीसांजेचा. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (उजेडाचा रंग बदलणारा पारदर्शक कागद) लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग) टंगस्टनवर, म्हणजे ३२०० केल्विनच्या आसपास ठेवा. कॅमेरा आता सगळंच निळ्याकडे झुकवतो. आकाश गर्द निळं होतं, भिंती आणि झाडंसुद्धा निळसर दिसतात. फ्लॅशचा उजेड नारिंगी असल्यामुळे त्वचेचा रंग तेवढा नैसर्गिक राहतो. साध्या मावळतीला असं आकाश मिळतं की बघत राहावं! आयएसओ ४००, एफ/४, १/१२५ आणि फ्लॅश पूर्ण पॉवरच्या १/८ वर ठेवून सुरुवात करा. आपल्याकडे संधिप्रकाश भराभर सरतो. आकाश काळवंडू लागलं की शटर १/६०, मग १/३० करत जा. चेहऱ्याचं एक्स्पोजर जवळपास तसंच राहतं, फ्लॅशला हात लावावा लागत नाही.

फ्लॅश चेहऱ्याच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशांत, डोळ्यांपेक्षा थोडा वर. पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसला की जागा बरोबर साधली. फ्लॅशचा उजेड पसरवायला छत्री (फोटोग्राफीची) लावली असेल, तर ती जितकी जवळ, तितक्या सावल्या मऊ. आजी-आजोबांचे फोटो काढताना मात्र छत्री काढून टाका. उघड्या फ्लॅशने सुरकुत्यांची रेघ न् रेघ उठून दिसते, आणि मला ते चेहरे तसेच हवे असतात.

घरात काळा पडदा नसला तरी चालतं. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. फ्लॅश चेहऱ्याच्या अगदी जवळ आणा, माणसाला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे बसवा, पॉवर कमी करा. पांढरी भिंत जवळजवळ काळी येते.

पावसाळ्यात फ्लॅश माणसाच्या मागे, कॅमेऱ्याच्या दिशेने तोंड करून ठेवा. मागून उजेड आला की पावसाचे थेंब चमकतात आणि केसांना लखलखीत कड येते. फ्लॅशवर पारदर्शक पिशवी चढवून रबरबँड लावा, आणि स्टँडच्या पायावर वजन ठेवायला विसरू नका.