नानांच्या गोळ्या आणि रम एकदम बंद करू नका

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. नाना फौजेतले रिटायर्ड हवालदार, मणक्याची गादी सरकलेली, दिवसा दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलच्या तीन-चार गोळ्या आणि रात्री कॅन्टीनची रम. रविवारी दोन्ही नाल्यात टाकायचं घरच्यांनी ठरवलंय, ते बरोबर का, असं तू विचारतोस. बरोबर नाही. काकूंनाही हे वाचून दाखव.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता अमळनेरला असतो. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हात कापतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसायला लागतं. यात जीवही जातो. ट्रॅमाडॉल अफूच्या जातीचं औषध आहे, २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, तेही एका दिवसात सोडायचं नसतं. पण दारूवर ते घेतलं तर श्वास मंदावतो, म्हणून आहे तसंच चालू द्या असंही मी म्हणणार नाही. याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी आरोग्यसेवा आहे. तिथल्या सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. अशा गोळ्या बंद झाल्यावर ओव्हरडोसने किंवा आत्महत्येने मरण्याचा धोका वाढलेला दिसला, आणि गोळ्या जितक्या जुन्या तितका तो जास्त. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा आणि त्या काळात माणसाला एकटं सोडायचं नाही.

मग कंबरेचं काय? त्याच सेवेतल्या २४० रुग्णांवरचा २०१८ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. जुनी कंबरदुखी किंवा गुडघ्या-खुब्याची झीज असलेल्यांपैकी निम्म्यांना अफूवर्गी औषधं दिली, निम्म्यांना साधी. वर्षभराने हिंडण्याफिरण्यात, कामात काहीच फरक नव्हता. उलट साध्या औषधांवाल्यांचं दुखणं किंचित कमी होतं. हे नानांना समजावून सांगा, कारण गोळी सुटली की आपण खाटेलाच खिळू ही भीती त्यांच्या मनात असणार. साधी औषधंही स्वतःच्या मनाने नकोत. दारू पिणाऱ्याला डायक्लोफिनॅकसारख्या साध्या वेदनाशामक गोळीनेही पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओ आणि मानसोपचारतज्ज्ञ या तिघांचंही रेफरल मागा. कंबर एकीकडे दाखवायची आणि दारू लपवायची, असं केलंत तर दोन्ही तशीच राहतील. झोप लागते का, रात्री दचकून उठतात का, हेही डॉक्टरांना सांगा. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांच्या २०१२ च्या अभ्यासात, युद्धाचा मानसिक आघात घेऊन आलेल्यांनाच या गोळ्या जास्त लिहून दिल्या गेल्याचं दिसलं होतं.

‘मनी कंबर दुखस’ (माझी कंबर दुखते) असं नाना अहिराणीत म्हणतात तेव्हा घरात कोणी ते प्यायचं निमित्त म्हणू नये. ते दुखणं खरं आहे. जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या आणि रोज किती पेग होतात तो आकडा खरा सांगा, डोस त्यावरच ठरतो. तोवर फिट आली किंवा नाना असंबद्ध बोलू लागले तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.