वाचकांचे प्रश्न : गळाला लागलेला सॅमन सोडून का द्यायचा?

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरीचा असून नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून स्कॉटलंडमधील अबर्डीन येथे राहतो. लहानपणी वडिलांबरोबर काजळी नदीवर गरवायला जात असे. गेल्या एप्रिलमध्ये एका सहकाऱ्याबरोबर येथील डी नदीवर रीतसर पैसे भरून गेलो होतो. दुपारी गळाला सुमारे चार किलोचा सॅमन लागला. परंतु सहकाऱ्याने तो पाण्याबाहेरही न काढता, गळ सोडवून जाऊ दिला. घरी न्यायचाच नसेल तर मासा धरायचा कशाला, हे मला अजून उमगलेले नाही. सॅमन खरोखरच इतका कमी झाला आहे का? मत्स्यबीज केंद्रात पिल्ले वाढवून नदीत सोडली तर प्रश्न सुटणार नाही का? आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला हा छंद लावावा, की तो आता संपतच आला आहे?
– एक वाचक, अबर्डीन

उत्तर : आपल्या सहकाऱ्याने केले ते अगदी योग्य केले. त्याचे कारण समजून घेण्यासाठी एप्रिल महिना लक्षात ठेवावा लागेल. अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो, दोन-तीन वर्षांचा होऊन समुद्रात जातो, ग्रीनलंड आणि फेरो बेटांच्या बाजूच्या थंड पाण्यात वाढतो आणि एक-दोन हिवाळ्यांनंतर बहुधा आपल्याच जन्मनदीत परततो. नदीत शिरल्यावर तो काहीही खात नाही. एप्रिलमध्ये आलेल्या माशाला अंडी घालण्यासाठी नोव्हेंबरच्या आसपासपर्यंत थांबायचे असते, आणि ते सहा-सात महिने तो अंगावरच्या चरबीवर काढतो. आपल्या गळाला लागलेला मासा मादी असेल, तर तिच्या पोटात पाच-सहा हजार अंड्यांची गाबोळी तयार होणार होती. ती त्या दिवशी कढईत गेली असती, तर नदीचे नुकसान एका माशाचे नव्हे, एका संपूर्ण विणीचे झाले असते.

वसंतात येणाऱ्या या माशांचीच घट सर्वांत चिंताजनक आहे. त्यामुळे 31 मार्चपर्यंत धरलेला प्रत्येक सॅमन सोडून देण्याचे बंधन संपूर्ण स्कॉटलंडमध्ये आहे. पुढच्या महिन्यांसाठी 2016 पासून प्रत्येक नदीची दरवर्षी प्रतवारी केली जाते, आणि तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, प्रतीच्या नदीतून वर्षभर एकही मासा नेता येत नाही. डी नदीवरील लोकांनी तर कायद्याची वाट न पाहता 1990च्या दशकातच मासे सोडून देण्याची रीत पाडली. आज स्कॉटलंडमध्ये गळाने धरलेल्या दर शंभर सॅमनपैकी नव्वदहून अधिक परत पाण्यात जातात.

इतके करूनही मासा कमीच होत आहे, हे मात्र जड मनाने सांगावे लागते. गळाने धरलेल्या सॅमनची नोंद स्कॉटलंडमध्ये 1952 पासून ठेवली जाते आणि त्यातला तोवरचा सर्वांत कमी आकडा 2023 साली नोंदला गेला : सुमारे साडेबत्तीस हजार. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक सॅमनला जागतिक यादीत ‘संकटाच्या जवळ’ या वर्गात टाकले, तर ब्रिटनमधील सॅमनला ‘संकटग्रस्त’ ठरवले. 2024च्या जूनमध्ये नॉर्वेने ऐन हंगामात 33 नद्यांवरील सॅमनची मासेमारी थांबवली.

एकेकाळी सगळा दोष जाळ्यांना दिला जाई आणि तो काही अंशी खराही होता. आइसलंडचे ओरी विगफुसोन स्वतः गळाचे शौकीन. त्यांनी 1989 मध्ये निधी उभारून समुद्रात जाळी टाकणाऱ्यांना मोबदला देऊन जाळी काढून घ्यायला लावली. कोळ्याच्या पोटावर पाय न देता मासा वाचवण्याचा हा मार्ग मला आजही मोलाचा वाटतो. आयर्लंडने 2007 मध्ये समुद्रातली तरती जाळी बंद केली, स्कॉटलंडने 2016 मध्ये किनाऱ्यावरची. जाळी गेली, तरी समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी परतणाऱ्यांचे प्रमाण मात्र सावरलेले नाही. समुद्र तापतो आहे आणि त्याबरोबर माशाचे खाद्यही बदलते आहे. नॉर्वेत आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पिंजऱ्यांतील सॅमनशेतीमुळे माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या उवांचा उपद्रव वाढला, आणि पिंजऱ्यातून निसटलेले मासे नदीतल्या माशांशी संकर करतात. आपली डी नदी पूर्वेला उघडते आणि त्या बाजूला असे पिंजरे नाहीत. तरीही तिचा सॅमन घटला आहे, यावरून या दुखण्याचे कारण एकच नाही, हे ध्यानात येईल.

मत्स्यबीज केंद्राचा उपाय वाटतो तितका सोपा नाही. प्रत्येक नदीतला सॅमन त्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेला असतो. टाकीत आयते खाद्य खाऊन वाढलेले पिल्लू दिसायला धष्टपुष्ट असते, परंतु समुद्रात तगून परतण्यात ते नदीतल्या पिल्लाच्या मागे पडते. धरणामुळे विणीच्या जागा बुडाल्या असतील, तेथे या केंद्रांचा उपयोग जरूर होतो. इंग्लंडच्या टाइन नदीवर कीलडर धरणाची भरपाई म्हणून असे केंद्र उभारले गेले. कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्यामुळे गेल्या शतकाच्या मध्यास त्या नदीचे मुख इतके घाण झाले होते की सॅमन जवळजवळ नाहीसाच झाला होता. आज ती इंग्लंडमधील सर्वांत चांगल्या सॅमन नद्यांपैकी एक आहे. अभ्यासक या बदलाचे मोठे श्रेय केंद्रातल्या पिल्लांना नव्हे, स्वच्छ झालेल्या पाण्याला देतात.

म्हणूनच माझी आशा नदीवर आहे. समुद्र आपल्या हातात नाही. मात्र समुद्राकडे निघणारे प्रत्येक पिल्लू सशक्त असावे, एवढे नदीकाठी करता येते. उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या पुढे तापले की सॅमन हैराण होतो, आणि डीच्या वरच्या अंगाला डोंगरउतार उघडे-बोडके असल्याने ओढ्यांवर सावली नाही. तेथे आता स्थानिक झाडे लावली जात आहेत आणि उन्मळलेली झाडे मुद्दाम पात्रात टाकून पिल्लांना आडोसा केला जात आहे. शेतीसाठी कधीकाळी सरळ केलेल्या बेल्टी ओढ्याला तर त्याची वळणे परत देण्यात आली. या कामांना पैसा आणि माणसे पुरवण्यात गळ टाकणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि घरी न न्यायच्या माशावर इतके प्रेम करणारे दुसरे कोण आहे, हेही विचारात घ्यावे. ही माणसे नदीवरून उठून गेली, तर तिच्यावर नजर ठेवणारे फारसे कोणी उरणार नाही.

तेव्हा मुलीला हा छंद अवश्य लावावा. फक्त मासा सोडणे हा त्याचाच भाग आहे, हे पहिल्या दिवसापासून शिकवावे. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा. मासा फार वेळ दमवू नये, बिनगाठीच्या हातजाळ्यात पाण्यातच ठेवावा आणि हात ओले केल्याशिवाय त्याला लावू नयेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटोसाठीही त्याला वर उचलू नये. तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी हलकेच आधार द्यावा, कल्ले संथ चालू लागेपर्यंत थांबावे. शेपटीचा जोर हाताला जाणवला की तो आपला आपण निघतो. पाणी तापलेले असेल, त्या दिवशी गळ घरीच राहू द्यावा.

गळ हाती देण्यापूर्वी तिला एकदा शरद ऋतूत बँचरीजवळच्या फ्यू नदीच्या धबधब्यावर न्यावे. तेथील पादचारी पुलावर थोडा वेळ उभे राहिले आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल, तर फेसातून वर झेपावणारे, खाली आपटणारे आणि पुन्हा झेप घेणारे सॅमन अगदी जवळून दिसतात.